पापनिवेदनाची मोहोर आणि खबर देण्याचे कर्तव्य

मुलावर अत्याचार होत असल्याचे ज्याला कळेल त्याने ते सरकारला कळवलेच पाहिजे, हा नियम जगातल्या कायद्यांत येऊन जेमतेम साठ वर्षे झाली आहेत. पापनिवेदनात कानावर आलेली गोष्ट धर्मगुरूने कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगायची नाही, हा कॅथलिक चर्चचा नियम, ज्याला पापनिवेदनाची मोहोर म्हणतात, आठशे वर्षांचा आहे. दोन्ही नियमांच्या मुळाशी दुबळ्याची कणव आहे. पहिल्यात दुबळे म्हणजे स्वतःसाठी बोलू न शकणारे मूल. दुसऱ्यात दुबळा म्हणजे कबुली देऊन धर्मगुरूच्या हाती सापडलेला माणूस, ज्याचे शब्द राजा, शत्रू किंवा शेजारी त्याच्यावरच उलटवू शकतात. हे दोघे एकाच प्रसंगात एकमेकांसमोर उभे राहतील, हे मात्र फार काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत जो झगडा झाला, तो या उशिरा ध्यानात आलेल्या गोष्टीचा आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजात मोठ्या पापाचे प्रायश्चित्त चारचौघांत चाले. खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग करणाऱ्याला मंडळीपासून वेगळे ठेवले जाई, आणि परत येण्याची संधीही बहुधा आयुष्यात एकदाच मिळे. इटलीत काही ठिकाणी पापांची यादीच सर्वांसमोर वाचून दाखवू लागले, तेव्हा पोप पहिले लिओ यांनी इ.स. ४५९मध्ये त्याला मनाई केली. धर्मगुरूला एकांतात सांगितले तेवढे पुरे, असे त्यांनी तिथल्या बिशपांना कळवले. पुढे सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठांतून खासगी, पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन युरोपभर पसरले. या मठवासींच्या प्रायश्चित्त-पोथ्यांत कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर काढायचे याचे बारीक हिशेब असत. सातव्या शतकातल्या कुमीअन यांच्या पोथीत एक नोंद आहे: मोठ्या मुलाने एखाद्या दहा वर्षांच्या मुलाचा गैरवापर केला, तर त्या लहान मुलानेही एक आठवडा उपास करायचा, आणि त्याची संमती असेल तर वीस दिवस. आजच्या वाचकाला हे वाचवत नाही. पण त्या काळच्या विचाराची चौकट त्यातून कळते. पाप हा माणूस आणि देव यांच्यातला मामला होता. ज्याच्यावर पाप घडले त्याला त्या हिशेबात वेगळी जागा नव्हती, आणि तो सापडलाच तर तोही पापाचा भागीदार म्हणून.

गुप्ततेला कायद्याचे रूप १२१५मध्ये आले. पोप तिसरे इनोसंट यांनी रोममध्ये भरवलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेच्या एकविसाव्या नियमाने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषाला वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे भाग केले. त्याच नियमात पुढे म्हटले आहे की शब्दाने, खुणेने किंवा आणखी कोणत्याही तऱ्हेने पाप उघड करणाऱ्या धर्मगुरूचे पद काढून घ्यावे आणि त्याला कडक शिस्तीच्या मठात जन्मभर प्रायश्चित्त करायला डांबावे. सक्ती आणि गुप्तता एकाच कलमात यावी यात नवल नाही. सगळ्या गावाने आपली गुपिते एका माणसापाशी आणून ठेवायची, तर त्या माणसाचे तोंड बंद असल्याची खात्री आधी द्यावी लागते. त्यामुळे ही मोहोर सुरुवातीपासूनच निव्वळ धार्मिक शुचितेपुरती नव्हती. एवढ्या प्रचंड सत्तेला घातलेला तो लगाम होता.

त्या लगामाला हुतात्माही मिळाला. प्रागचे धर्मगुरू जॉन नेपोमुक यांना १३९३मध्ये राजा चौथा वेन्सेस्लास याच्या हुकमाने व्ल्टावा नदीत बुडवून मारण्यात आले. इतिहासकारांच्या मते भांडण एका मठाधिपतीच्या नेमणुकीवरून होते. लोकांनी मात्र कथा घडवली ती राणीने केलेले पापनिवेदन राजाला सांगायला नकार दिल्याची, आणि १७२९मध्ये त्यांना संतपद मिळाले तेव्हा याच कथेने त्यांची ख्याती सर्वदूर नेली. कथेतली पात्रे पाहण्याजोगी आहेत: संशयी राजा, निरपराध राणी, गप्प राहणारा धर्मगुरू. मोहोरीच्या बाजूने पुढे शतकानुशतके जो युक्तिवाद झाला, त्यात पलीकडे नेहमी असा एखादा जुलमी राजाच उभा असे.

चर्चचा आजचा नियमही तितकाच कडक आहे. १९८३च्या कॅनन कायद्याचे ९८३वे कलम या मोहोरीला अभंग म्हणते. पुढचे कलम त्याहून पुढे जाते: निवेदकाला अपाय होईल असा त्या माहितीचा कसलाही उपयोग, गुपित न फोडताही, करायचा नाही. थेट गुपित फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी, कोणी शिक्षा सुनावण्याची वाट न पाहता, चर्चमधून बहिष्कृत होतो, आणि त्याला माफी देण्याचा अधिकार फक्त रोमकडे असतो. निवेदकावर मात्र कोणतेही बंधन नाही. आपण काय सांगितले आणि धर्मगुरू त्यावर काय म्हणाला, हे तो कोणालाही सांगू शकतो. वादाच्या धुमाळीत ही गोष्ट पुष्कळदा निसटून जाते.

राजसत्तेशी खरी गाठ पडली ती इंग्लंडमध्ये. १६०५च्या दारूगोळ्याच्या कटात संसद उडवून देण्याचा बेत जेझुइट धर्मगुरू हेन्री गार्नेट यांना आधी कळला होता. आपल्याला तो दुसऱ्या एका जेझुइटाकडून पापनिवेदनाच्या ओघात समजला, म्हणून आपण बोलू शकलो नाही, असे त्यांनी सांगितले. मे १६०६मध्ये लंडनला त्यांना फाशी झाली. अँग्लिकन चर्चने १६०३मध्ये केलेल्या नियमांत गुप्ततेचे बंधन ठेवले होते, पण जे लपवल्याने खुद्द धर्मगुरूचाच जीव कायद्याने धोक्यात येईल असे गुन्हे त्यातून वगळले होते. त्यानंतर इंग्लंडच्या न्यायालयांत धर्मगुरूला साक्षीतून सूट असल्याचे कोणी ठामपणे म्हणेना. गंमत अशी की या सुटीची सर्वांत नेटकी तरफदारी धर्मावर फारसा भरवसा नसलेल्या जेरेमी बेंथम यांनी केली. पुराव्याच्या कायद्यावरच्या १८२७च्या ग्रंथात त्यांनी वकील-अशिलाच्या गुप्ततेवर सडकून टीका केली, पण पापनिवेदनाची गुप्तता राखावी असे म्हटले. त्यांचा हिशेब व्यवहारी होता. धर्मगुरूला बोलायला लावले तर लोक कबुलीच द्यायचे थांबतील. पुरावा मिळणार नाहीच, उलट पश्चात्तापातून होणारी नुकसानभरपाईही बंद पडेल.

हा हिशेब न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात १८१३मध्येच मांडून झाला होता. चोरीचे दागिने जेझुइट धर्मगुरू अँथनी कोलमान यांच्या हातून मालकाकडे परत आले. ते कोणी दिले हे सांगायला कोलमान यांनी नकार दिला. शहराचे महापौर डेविट क्लिंटन न्यायासनावर होते, आणि चर्चची बाजू मांडायला उभे राहिले ते आयर्लंडमधून हद्दपार झालेले प्रॉटेस्टंट वकील विल्यम सॅम्पसन. आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा कायद्याने झालेला छळ त्यांनी पाहिला होता. न्यायालयाने कोलमान यांची बाजू घेतली. चार वर्षांनी एका प्रॉटेस्टंट पाळकाला तशी सूट नाकारली गेली, आणि मग १८२८मध्ये न्यूयॉर्कने सर्व पंथांसाठी कायदाच केला. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी आलेली ही सूट हळूहळू सगळ्या राज्यांत पोचली. मूळ प्रकरणात मामला दागिन्यांचा होता आणि दागिने परत मिळाले होते, एवढे लक्षात ठेवणे पुढच्या विवेचनासाठी गरजेचे आहे.

मूल या कथेत आधी आले ते प्रेताच्या रूपाने. इंग्लंडमध्ये १८६० साली एका घरातल्या तीन वर्षांच्या मुलाचा गळा चिरून खून झाला. पाच वर्षांनी त्याची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिने गुन्हा कबूल केला, तो ब्रायटनचे अँग्लिकन पाळक आर्थर वॅग्नर यांच्याकडे पापनिवेदन केल्यानंतर. तिने काय सांगितले ते न्यायालयात सांगायला वॅग्नर यांनी नकार दिला. संसदेत गदारोळ झाला आणि अशी कोणतीही सूट इंग्लंडच्या कायद्यात नाही, असे लॉर्ड चॅन्सेलरनी ठणकावून सांगितले. तरी चर्चा सगळी कॅथलिक प्रथा इंग्लंडच्या चर्चमध्ये शिरत आहेत याच भीतीची होती. त्या घरात जिवंत राहिलेल्या इतर मुलांचा विचार करण्याचे कोणाला सुचले नाही.

खुद्द कॅथलिक चर्चमध्ये मात्र पापनिवेदनाच्या जागेतच अत्याचार होऊ शकतो याची जाणीव जुनी होती. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी मध्ये जाळी असलेल्या लाकडी कोठडीचा आग्रह धरला, तो धर्मगुरू आणि स्त्री यांच्यात आडोसा असावा म्हणूनच. निवेदन करणाऱ्यांकडे शरीरसुखाची मागणी करणाऱ्या धर्मगुरूंचे खटले स्पेनच्या इन्क्विझिशनकडे सोपवले गेले. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४१मध्ये याविषयीचे नियम पक्के केले. १९१७च्या कॅनन कायद्याने तर अशा धर्मगुरूची तक्रार एका महिन्याच्या आत बिशपकडे करणे हे पीडित व्यक्तीचेच कर्तव्य ठरवले. म्हणजे खबर देण्याची सक्ती ही कल्पना चर्चला परकी नव्हती. ती खबर चर्चच्या दाराबाहेर जाऊ नये, इतकेच. आणि सक्ती ज्याच्यावर होती तो त्या प्रसंगातला सर्वांत असहाय माणूस होता.

याच सुमाराला पोप दहावे पायस यांनी १९१०मध्ये पहिल्या पापनिवेदनाचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. त्याआधी मुले साधारण बारा-चौदा वर्षांची झाल्यावर यात येत. आता शाळकरी मुले नियमाने, रांगेने त्या काळोख्या कोठडीत जाऊ लागली. ब्रिटिश लेखक जॉन कॉर्नवेल यांनी पापनिवेदनाच्या इतिहासावरील २०१४च्या पुस्तकात या बदलाला विसाव्या शतकातल्या अत्याचारांच्या कारणांत मोठे स्थान दिले आहे. सगळाच दोष एका फर्मानावर टाकणे जास्तीचे होईल. पण मोहोर घडली ती मोठ्यांच्या पापांसाठी, आणि आता तिच्या आत मुले आली होती, हे खरेच.

दुसरा धागा इस्पितळात सुरू होतो. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मारहाण झालेल्या मुलांवरचा निबंध छापला. हाडांच्या एक्स-रेमध्ये दिसणारे जुने-नवे अस्थिभंग 'पडला' या खुलाशाशी जुळत नाहीत, आणि डॉक्टर ते पाहूनही आई-बापांवर संशय घेत नाहीत, असे त्यात दाखवले होते. परिणाम विलक्षण वेगाने झाला. १९६७पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत डॉक्टरांना खबर देण्याची सक्ती करणारे कायदे आले. १९७४मध्ये केंद्रीय कायदा झाला, आणि यादीत शिक्षक, परिचारिका, समाजसेवक येत गेले. धर्मगुरू मात्र बहुतेक ठिकाणी बाहेरच राहिले. डॉक्टरची आणि रुग्णाची गुप्तता मोडायला कायदेमंडळे कचरली नाहीत. चर्चच्या दारात ती थबकली.

येथे दोन कायदेशीर कल्पना वेगळ्या धरायला हव्यात, कारण वादात त्यांची सरमिसळ होते. साक्षीतून सूट म्हणजे न्यायालयाने विचारले तरी गप्प राहण्याची मुभा. ती गुन्हा घडून गेल्यानंतरची आहे. खबर देण्याचे कर्तव्य म्हणजे कोणी न विचारता, पुरावा हाती नसतानाही, नुसत्या वाजवी संशयावरून बोलणे. ते पुढचा अत्याचार टळावा म्हणून आहे. पुराव्याच्या कायद्याचे अमेरिकन भाष्यकार जॉन हेन्री विगमोर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गुप्ततेला संरक्षण देण्यासाठी चार अटी सांगितल्या. शेवटची अट तराजूची होती: गुपित फुटल्याने नात्याचे होणारे नुकसान खटल्याला होणाऱ्या फायद्यापेक्षा मोठे असले पाहिजे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये धर्मगुरूंना सरसकट सूट नाकारून प्रत्येक प्रकरण याच कसोटीवर तपासायचे ठरवले. चोरीच्या दागिन्यांच्या खटल्यात हा तराजू सहज एका बाजूला झुकतो. घरी परत त्याच माणसाच्या ताब्यात जाणारे मूल पारड्यात ठेवले, की १८१३चे उत्तर जसेच्या तसे लागू पडत नाही.

जानेवारी २००२मध्ये 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाने तिथल्या धर्मप्रांताच्या कागदपत्रांतून अत्याचारी धर्मगुरूंच्या बदल्यांची मालिका उघड केली, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने धर्मगुरूंना खबर देणाऱ्यांच्या यादीत घातले, पापनिवेदनाचा अपवाद ठेवून. ती कागदपत्रे वाचताना एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. वरिष्ठांना जे कळले ते बहुतांशी आयांच्या पत्रांतून, सहकाऱ्यांच्या तक्रारींतून आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या अहवालांतून कळले होते. कोठडीच्या जाळीतून नव्हे. आयर्लंडमध्येही हेच दिसले. डब्लिन धर्मप्रांतावरच्या २००९च्या मर्फी अहवालाने बिशपांच्या दप्तरांत साठलेल्या तक्रारींचा पाढा वाचला. बदनामी टाळणे आणि चर्चची मालमत्ता सांभाळणे यांना तिथे मुलांपेक्षा अधिक महत्त्व होते, असा निष्कर्ष काढला. मोहोरीवरचा वाद मोठा होण्यात दोन्ही बाजूंची सोय झाली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. सरकारला कठोर दिसता आले, चर्चला छळ सोसणारे दिसता आले, आणि कपाटांतल्या फायली थोड्या मागे पडल्या.

शिवाय सुटीची व्याप्ती कोठडीच्या फार बाहेर पसरली होती. आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने १९४५मध्ये ज्या धर्मगुरूला साक्षीतून सूट दिली, त्याने माहिती पापनिवेदनात ऐकलीच नव्हती. एका मुलीला आणि तिला फसवल्याचा आरोप असलेल्या माणसाला घरी बोलावून तो दोघांशी बोलला होता. अमेरिकेत ही सूट ज्या पंथांत पापनिवेदनाचा संस्कारच नाही त्यांनाही मिळाली. मॉन्टॅनाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये यहोवाच्या साक्षीदारांविरुद्धचा ३.५ कोटी डॉलरचा निवाडा रद्द केला, कारण वडीलधाऱ्यांनी अंतर्गत चौकशीत ऐकलेली माहितीही त्या पंथाच्या प्रथेने गोपनीय ठरत होती. ॲरिझोनात एका पित्याने आपल्या मुलीवरच्या अत्याचाराची कबुली मॉर्मन चर्चच्या बिशपकडे दिली. बिशपने चर्चच्या मदत-दूरध्वनीवर सल्ला विचारला, पोलिसांना कोणी कळवले नाही, आणि अत्याचार आणखी सात वर्षे चालला. २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चचा गुप्ततेचा हक्क मान्य केला. लुइझियानात तर चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःवरचा अत्याचार पापनिवेदनात सांगितल्याचा दावा होता. अशा वेळी खबर देणे धर्मगुरूवर बंधनकारक नाही, असा निर्णय २०१६मध्ये झाला. आपण काय बोललो ते सांगायला ती मुलगी मात्र मोकळी होती.

आयर्लंडने क्लॉइन धर्मप्रांतावरच्या २०११च्या अहवालानंतर पवित्रा बदलला. चर्चने १९९६मध्ये स्वतःच केलेले नियम क्लॉइनच्या बिशपांनी पाळले नव्हते, हे त्यात उघड झाले. पंतप्रधान एंडा केनी यांनी २० जुलै २०११ रोजी संसदेत व्हॅटिकनवर जी टीका केली, तशी कोणा आयरिश पंतप्रधानाने आधी केली नव्हती. पुढच्या वर्षी मुलांवरच्या गंभीर गुन्ह्यांची माहिती दडवणे हाच गुन्हा ठरला आणि त्यात पापनिवेदनाला अपवाद लिहिला गेला नाही.

या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार केला तो ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने. २०१३पासून पाच वर्षे चाललेल्या चौकशीत आयोगाने आठ हजारांहून अधिक पीडितांचे म्हणणे बंद खोलीत ऐकले. मुलांनी पापनिवेदनात अत्याचार सांगितल्याची आणि अत्याचारी धर्मगुरूंनी मन हलके करायला तिथेच कबुली दिल्याची उदाहरणे त्याला मिळाली. क्वीन्सलँडमधल्या एका शिक्षा झालेल्या धर्मगुरूने शपथपत्रात म्हटले होते की पंचवीस वर्षांत आपण सुमारे तीस धर्मगुरूंपुढे सुमारे १,५०० वेळा कबुली दिली. प्रत्येक वेळी क्षमा मिळाली, आणि अत्याचार चालूच राहिला. बेंथम यांच्या हिशेबात पश्चात्तापातून भरपाई येत होती. येथे पश्चात्ताप पुढच्या गुन्ह्याची वाट मोकळी करत होता. डिसेंबर २०१७च्या अंतिम अहवालात आयोगाने पापनिवेदनाला अपवाद नको अशी शिफारस केली.

आयोगाने चर्चला आणखी दोन नेमके प्रश्न रोमकडे पाठवायला सांगितले. मुलाने स्वतःवरच्या अत्याचाराविषयी सांगितले, तर ते त्याचे पाप नाही. मग त्याला मोहोर लागू होते का? आणि अत्याचारी माणूस पोलिसांकडे जाईपर्यंत त्याची पापक्षमा रोखता येईल का? वादात हे दोन प्रश्न सर्वांत मोलाचे होते, कारण ते चर्चच्याच विचारपद्धतीच्या आतून विचारलेले होते. २०२०मध्ये उत्तर आले. निवेदनातून कळलेली सर्व पापे, निवेदकाची आणि इतरांचीही, मोहोरीखाली येतात. आणि क्षमा ही भविष्यातल्या बाहेरच्या कृतीवर अवलंबून ठेवता येत नाही. धर्मगुरूने मुलाला मदत कुठे मिळेल ते सांगावे, बाहेर येऊन पुन्हा बोलायला उत्तेजन द्यावे, इतकी वाट मोकळी ठेवली गेली. उत्तर तर्काला धरून आहे. पण मूल पुन्हा एकदा धीर करून तेच सांगेल, या गृहीतावर ते उभे आहे, आणि मुलांशी काम करणारे कोणीही हे गृहीत सहजी मान्य करणार नाही.

दरम्यान दक्षिण ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने कायदे बदलले. व्हिक्टोरियात २०१९च्या कायद्याने खबर न दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मेलबर्नचे आर्चबिशप पीटर कोमेन्सोली यांनी आपण तुरुंगात जाऊ पण मोहोर मोडणार नाही, असे सांगितले. फ्रान्समध्येही चर्चमधल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सोवे आयोगाने ऑक्टोबर २०२१मध्ये १९५०पासून धर्मगुरूंच्या अत्याचारांना बळी पडलेल्या मुलांची संख्या अंदाजे २,१६,००० सांगितली. त्यावर बिशपांच्या परिषदेच्या अध्यक्षांनी मोहोर प्रजासत्ताकाच्या कायद्यांहून वर असल्याचे म्हटले, तेव्हा गृहमंत्र्यांनी त्यांना भेटीला बोलावून घेतले. पोप फ्रान्सिस यांच्या मे २०१९च्या फर्मानाने धर्मगुरूंना अत्याचाराची खबर चर्चच्या अधिकाऱ्यांना देणे प्रथमच जगभर बंधनकारक केले, पण पापनिवेदन त्यातूनही बाहेर ठेवले.

अमेरिकेत याच्या उलट वारे वाहिले. पापनिवेदनाच्या अपवादाला हात घालणारे कॅलिफोर्नियातले विधेयक २०१९मध्ये मागे घेतले गेले. वॉशिंग्टन राज्यात स्वतः कॅथलिक असलेले गव्हर्नर बॉब फर्ग्युसन यांनी २ मे २०२५ रोजी पापनिवेदनाचा अपवाद नसलेला कायदा मंजूर केला. कॅथलिक बिशप आणि ऑर्थोडॉक्स चर्च न्यायालयात गेले, केंद्र सरकारही त्यांच्या बाजूने उतरले. जुलैमध्ये, कायदा लागू होण्याच्या आधीच, न्यायालयाने पापनिवेदनापुरती स्थगिती दिली. वकिलांना सूट ठेवून धर्मगुरूंची तेवढी काढणे हे सर्वांना सारखे वागवणे नव्हे, हा आक्षेप निर्णायक ठरला. ऑक्टोबरमध्ये राज्याने पापनिवेदनात कळलेल्या गोष्टींपुरता कायदा न वापरण्याचे मान्य केले. कोठडीबाहेर जे कळेल त्याची खबर देणे मात्र धर्मगुरूंवर बंधनकारक राहिले. ज्या अपयशांतून हा सगळा वाद उभा राहिला त्यांतला फार मोठा भाग या उरलेल्या तरतुदीत बसतो.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. जेम्स फिट्सजेम्स स्टीफन यांनी तयार केलेल्या १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्या बोलण्याला संरक्षण होते, धर्मगुरूला नव्हते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते नाही. दुसरीकडे २०१२च्या पॉक्सो कायद्याचे १९वे कलम अमेरिकेसारखी व्यवसायांची यादी देत नाही. मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे ज्याला माहीत आहे किंवा होण्याची ज्याला भीती वाटते अशा प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे, असे ते म्हणते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत कैद. मुलाला या शिक्षेतून सूट आहे. गोव्यात तर त्याआधीच, २००३च्या बालक कायद्याने, फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओंवरही मुलांची अश्लील छायाचित्रे आढळल्यास कळवण्याची जबाबदारी टाकली होती. मडगावला अनाथ मुलांसाठी घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९६मध्ये शिक्षा झाली, त्या प्रकरणात अशी छायाचित्रे सापडली होती.

'माहीत असणे' म्हणजे किती, याचा कीस सर्वोच्च न्यायालयात पडला. केरळमधल्या कोट्टियूर प्रकरणात एका धर्मगुरूच्या अत्याचारातून अल्पवयीन मुलीला मूल झाले. तिचे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांवरचा खटला न्यायालयाने २०१८मध्ये रद्द केला. माहिती असणे आणि चौकशी करून माहिती मिळवणे यांत फरक आहे, असे म्हटले. नोव्हेंबर २०२२मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात मात्र न्यायालय कडक राहिले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता. तो निर्णय फिरवताना वेळेवर खबर न देणे म्हणजे गुन्हेगाराला आडोसा देणे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

वसईत ज्याला पापनिवेदन आणि गोव्यात कुमसार म्हणतात, त्यात कळलेली गोष्ट या १९व्या कलमात येते का? शब्दांनुसार येते, 'प्रत्येक' या शब्दातून कोणाला वगळलेले नाही. २०१८मध्ये केरळच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या एका प्रौढ स्त्रीच्या कबुलीचा वापर तिला धमकावण्यासाठी झाल्याचा आरोप झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने पापनिवेदनाची प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. म्हणजे येथे बोभाटा झाला तो मोहोर मोडल्याचा, पाळल्याचा नव्हे. कॅनन कायदा भारतात देशाच्या कायद्यावर मात करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये आणि पुन्हा २०१७मध्ये घटस्फोटाच्या संदर्भात सांगितले आहे. मोहोरीसाठी आव्हान द्यायचे झाले तर ते घटनेच्या २५व्या कलमाखाली द्यावे लागेल. ते कलम धर्मस्वातंत्र्य देते, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९५४च्या शिरूर मठाच्या निकालापासून न्यायालये अशा वेळी संबंधित प्रथा त्या धर्माचे अत्यावश्यक अंग आहे का, हे पाहतात. पापनिवेदनाची गुप्तता त्या कसोटीला बहुधा उतरेल. मग प्रश्न उरेल तो मुलाचे संरक्षण नीतिमत्ता आणि आरोग्य या शब्दांत बसते का, एवढाच. आणि तो कॅथलिक धर्मगुरूंइतकाच गुपिते ऐकणाऱ्या प्रत्येक मठाला, आश्रमाला आणि मदरशाला लागू होईल.